पहिला गिअर उजवीकडे

मी, अहल्या, कै. हयवदनराव यांची पत्नी व कै. भीमाचार्य यांची मुलगी, वय सत्तेचाळीस, विमान कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर, राहणार चामराजपेट, बंगळूर, म्हैसूर राज्य, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे, नजर शाबूत आहे, आजार कसलाही नाही, आणि शेजारी बसून मला कुणी काही सांगत नाही. आमच्या घराण्यात आडनाव लावण्याची रीत नाही, तेव्हा ते कुणी शोधत बसू नये. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

वकील जयतीर्थ म्हणाले, "इंग्रजीत लिहा, नाहीतर कन्नडात. मराठीतलं कोर्टात गेलं तर भाषांतर करून घ्यावं लागेल."

मी म्हटले, "कोर्टात जाऊ नये म्हणूनच मराठीत लिहितेय. घरातल्यांना वाचता येईल."

माझ्या यजमानांनी मृत्युपत्र केले नव्हते. ते गेल्यावर घराचा वाद झाला नाही, सोन्याचा झाला नाही. वाद झाला तो मोटारीचा, आणि तो अजून मिटलेला नाही. कायद्याने मोटार माझी आहे. माझा दीर नरसिंह म्हणतो, ती अण्णाची, म्हणजे त्याच्या थोरल्या भावाची आहे. माझ्यामागे तिचे काय व्हावे हे नीट सांगून ठेवणे, हेच या लिहिण्याचे खरे कारण. बाकीची कलमे ओघाने येतील.

कलम १. व्यवस्था पाहण्यासाठी मी जयतीर्थ वकिलांना नेमते. ते बोलतात फार, पण काम अर्धे सोडत नाहीत.

कलम २. चामराजपेटेतल्या घराचा पुढचा भाग नरसिंहाकडे आहे, मागचा माझ्याकडे. माझा अर्धा हिस्सा नरसिंहाची मुलगी चंपा हिला द्यावा. परसातले फणसाचे झाड तोडू नये. त्याच्या आडव्या फांदीवर साखळीचा एक वळ उठला आहे. झाडाला कीड लागली आहे असे माळी सांगेल, त्याचे ऐकू नये.

कलम ३. पोस्टातली शिल्लक, माझ्या बांगड्या आणि मोत्याची कुडी, हेही चंपालाच. कुडी मोडून नवीन काही करायचे असेल तर खुशाल करावे. जुनी वस्तू मोडून तिचे दुसरे काही केले तर पाप लागते, असे मी मानत नाही.

कलम ४. माझी रेखणी, कंपास, टी-स्क्वेअर आणि काचेचे टेबल चंपाला. ती लहान असताना मी तिला ट्रेसिंगच्या कापडाची झबली शिवत असे. ऑफिसात खराब झालेले कापड घरी आणून गरम पाण्यात भिजवले की वरची खळ निघून जाते आणि खाली तलम सुती कापड उरते. एका झबल्याच्या पाठीवर विमानाच्या पंखाची निळसर रेघ राहून गेली होती. ती काही केल्या निघेना. त्या झबल्यात चंपा ओसरीभर धावायची, तेव्हा मला वाटे, आता ही उडणार.

कलम ५. शेजारच्या कस्तुराबाईंकडे माझे तांब्याचे घंगाळ आहे. ते परत मागू नये, आता ते त्यांचेच झाले. शिवाय माझी वेताची खुर्ची त्यांना द्यावी. मी मोटार बाहेर काढली की त्या फाटकात उभ्या राहून बघतात, त्यांचे पाय दुखत असतील. "या वयात, या जातीत, आणि डोक्यावर टप नाही," असे त्यांनी एकदा भाजीवालीला सांगितले, ते मी ऐकले होते. टप आहे. मी तो उघडा ठेवते.

कलम ६. मोटार. एम. जी. कंपनीची, दोन माणसांची, हिरवी, सन १९४८ ची.

विलायतेला परत निघालेल्या कँटोन्मेंटमधल्या एका साहेबाकडून यजमानांनी ती घेतली. ते पाणीपुरवठ्यात अभियंता होते. दिवसभर नळांच्या तक्रारी ऐकून घरी येत आणि या गाडीत बसले की तरुण होत. पहिल्या दिवशी मला शेजारी बसवून त्यांनी लालबागेला वळसा घातला. म्हणाले, "अहल्ये, मुंगीवरून गेली तरी पाठीला कळतं बघ." खरेच कळत होते. गाडी इतकी खाली आणि इतकी ताठ की रस्ता हातात धरल्यासारखा वाटे. पुढे त्यांनी मला ती चालवायलाही शिकवले.

छप्पन्नच्या उन्हाळ्यात इंजिनाचा ब्लॉक तडकला. विलायतेहून दुसरा आणायला परवानगी मिळेना. गाडी शेडमध्ये विटांवर चढली. तरीही यजमान रोज संध्याकाळी तिच्यात जाऊन बसत, आणि मीही शेजारी बसे. ते चाक धरून, म्हैसूरच्या रस्त्याला लागल्यासारखे, समोरच्या भिंतीकडे बघत बोलत, "बिडदी गेलं. आता चन्नपट्टण. आता मद्दूर आलं. वडा खायचाय?" मी म्हणे, "खायचाय." मग मला तळणाचा वास येई. खोटे लिहीत नाही, येई.

अठ्ठावन्नमध्ये ते विषमज्वराने गेले. मद्दूरच्या पुढे आम्ही कधी पोहोचलोच नाही.

हंबीरराव इंगळे यांचे कलासीपाळ्यात गॅरेज आहे. गाडी धावत होती तेव्हा तिचे सगळे काम तेच करत. यजमान गेल्यावरही ते अधूनमधून येऊन टायरात हवा भरून जात. विटांवरच्या गाडीला हवेची गरज नव्हती, पण मी त्यांना तसे म्हटले नाही.

बासष्टमध्ये एकदा ते ओसरीवर उभे राहून म्हणाले, "बाई, बोम्मसंद्र्याजवळ एका अँबॅसडरला लॉरीनं मागून चेपलंय. पुढचं सगळं जिवंत आहे. इंजिन नवं, गिअरबॉक्स नवा. घेऊन ठेवू?"

"कशासाठी?"

ते शेडकडे बघत राहिले. मीही तिकडे बघितले.

नरसिंह आतून बाहेर आला. "वैनी, अण्णाच्या गाडीत टॅक्सीचं इंजिन घालणार तुम्ही?"

हंबीरराव म्हणाले, "टॅक्सीचं तर टॅक्सीचं. चालेल तरी."

"तशी बैलं जुंपली तरी चालेल!" असे म्हणून नरसिंह आत गेला. त्या दिवसापासून पाच वर्षांत तो या गाडीत बसला नाही, आणि माझ्याशी तिच्याबद्दल बोलला तो फक्त एक वाक्य. ते वाक्य असे: "बाहेरून अण्णाची, आतून दुसऱ्याची." ते त्याने गाडीला उद्देशून म्हटले की मला, हे मी विचारले नाही.

शेडच्या वाशांना भार पेलेना, म्हणून फणसाच्या फांदीला साखळी बांधून जुने इंजिन वर काढले. सबंध दुपार ते झाडाला लटकत होते. वारा नव्हता, तरी अगदी हळू फिरत होते, एकदा या बाजूला, एकदा त्या. त्याच्यावर पानांच्या सावल्या पडत होत्या. खाली गाडी रिकामी. बॉनेटच्या जागी वाकून पाहिले तर सरळ जमीन दिसली, आणि जमिनीवर जुन्या तेलाचे डाग. मला रडू येईल असे वाटले होते. त्याऐवजी एक विलक्षण मोकळेपणा आला, घरातले सामान काढून रंग द्यायला घेतल्यावर येतो तसा.

नवे इंजिन सहजासहजी बसणारे नव्हते. चासीवर त्याला धरायला ब्रॅकेट नव्हते, मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट लांब पडत होता, आणि सगळ्यांत अडचणीचा होता गिअरचा दांडा. अँबॅसडरमध्ये तो स्टिअरिंगच्या चाकाशी असतो. आमच्या गाडीत तो जमिनीतून वर येतो, डाव्या मांडीशेजारी. या दोन गोष्टी एकमेकींना जोडायला मधली सांधणी लागणार होती, आणि तशी सांधणी जगात कुठे तयार मिळत नव्हती. मी म्हटले, "मी काढते." ऑफिसात मी दुसऱ्यांची ड्रॉइंगे उतरवून घेत आले आहे. स्वतःच्या डोक्यातली वस्तू मी पहिल्यांदाच कागदावर काढली, मग ट्रेसिंगच्या कापडावर शाईने उतरवली. त्या दिवसांत ऑफिसला जातानासुद्धा मला हवेत ती सांधणी फिरताना दिसे.

ट्रेसरची एक सवय असते. रेषा आधी, अक्षरे शेवटी. मापांचा कागद मी हंबीररावांना आधीच दिला होता. कापडावर फक्त रेषा होत्या, नावे लिहायची होती. मी ऑफिसात असताना ते कापड न्यायला आले आणि नरसिंहाने, न बोलता, गुंडाळी त्यांच्या हातात ठेवली. पाहायला म्हणून त्याने ती उलगडली असावी आणि परत गुंडाळताना आतली बाजू बाहेर केली असावी. ट्रेसिंगच्या कापडावरची रेघ दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, आणि अक्षर नसेल तर सुलटे कुठले हे कोण सांगणार? हंबीररावांनी सांधणी केली ती आरशात दिसावी तशी.

पहिल्यांदा इंजिन सुरू केले तेव्हा चाकाशी मी होते. क्लच दाबला, दांडा नेहमीसारखा डावीकडे घेऊन पुढे ढकलला. गाडी थरथरली आणि बंद पडली. तीनदा तसेच झाले. मग हंबीररावांनी आत वाकून बघितले, कापड मागवले, उजेडात धरले, उलटे केले, आणि तिथेच चाकाला पाठ लावून बसले. हसून हसून त्यांच्या डोळ्यांना पाणी आले. पहिला आणि दुसरा गिअर उजवीकडे गेला होता, तिसरा आणि चौथा डावीकडे.

"बाई, परत करू या का?"

"राहू दे."

"बरं झालं म्हणा. चोर आला तरी फाटकापर्यंत जायचा नाही."

माझा हात पुढे किती दिवस जुन्या जागी जात राहिला. जायचा, तिथे काही नसायचे, मग परत यायचा. मला ते आवडत असे. हाताला आठवण असते हे मला तेव्हा कळले, आणि ती आठवण न पुसता हात नवे शिकतो, हेही.

गाडी रस्त्यावर आली तेव्हापासून रविवारी सकाळी हंबीरराव आणि मी फिरायला जातो. बहुतेक वेळा बेळ्ळंदूरच्या तळ्याकडे. नाचणीच्या शेतांवर धुके असते, बांधावर बगळे असतात, आणि गाडी थांबली की पाणी इतके गप्प असते की इंजिन निवताना होणारी टिकटिक ऐकू येते. आम्ही काय बोलतो, असे कस्तुराबाई विचारतात. आम्ही बहुधा रेडिएटर किती तापला याबद्दल बोलतो. हंबीररावांची बायको जाऊन पुष्कळ वर्षे झाली. परत आल्यावर ते ओसरीवर बसून कॉफी घेतात. ओसरीच्या आत ते कधी आले नाहीत, आणि मी कधी या म्हटले नाही.

मला एक स्वप्न पडते. त्यात गाडी तळ्याच्या पाण्यावरून चाललेली असते, चाकांना पाणी लागत नाही. शेजारी यजमान बसलेले असतात. ते कान देऊन इंजिनाचा आवाज ऐकतात आणि विचारतात, "अहल्ये, हा कुणाचा आवाज?" रागाने नाही, ओळख करून घ्यावी तसे विचारतात. मी उत्तर द्यायला तोंड उघडते आणि जाग येते. इतक्या वर्षांत त्यांना उत्तर मिळालेले नाही.

असो. ही मोटार, तिच्यात आता आहे त्या इंजिनासह आणि गिअरबॉक्ससह, मी माझ्या दिवंगत पतीचे स्नेही हंबीरराव इंगळे यांना देते. सांधणी सुलटी करून घेण्याचे बंधन त्यांच्यावर नाही. "नातं काय लिहायचं?" असे जयतीर्थांनी विचारले होते. म्हणून तसे लिहिले आहे.

कलम ७. जुने इंजिन आता माझे राहिलेले नाही, नरसिंहाचे झाले आहे, त्यामुळे ते मी कुणाला देऊ शकत नाही. ते नरसिंहाच्या ओसरीवर फळीवर ठेवलेले आहे. दर खंडेनवमीला तो त्याला तेलाचा हात लावतो, हळदकुंकू वाहतो आणि लिंबू ठेवतो. माझ्यामागे ते पुन्हा गाडीत बसवायचे, तडकलेला ब्लॉक कुठूनतरी सांधून आणायचा, असे त्याच्या मनात आहे. तसे करू नये, अशी माझी इच्छा आहे.

कलम ८. नरसिंहाच्या नावाने मी काहीच ठेवलेले नाही. हा राग आहे असे त्याने समजू नये. ज्याला मिळायचे आहे त्याने साक्षीला बसू नये, असा संकेत आहे, आणि मला साक्षीला नरसिंहच हवा. दुसऱ्या कुणाची सही चालेल, पण पुरणार नाही. मोटार हंबीररावांची, हे अण्णाच्या भावाने मान्य केले नाही, तर माझ्यामागे तो गाडी अडवेल. हंबीरराव भांडणार नाहीत. ते फाटकातून परत जातील, आणि गाडी पुन्हा विटांवर चढेल. मला मरणाची भीती नाही, त्या विटांची आहे.

कलम ९. माझी क्रिया नरसिंहाने करावी. अंत्ययात्रेबरोबर ही गाडी काढू नये. तिला हळू चालणे सोसत नाही, पाणी उकळते.

कलम १०. इथवर लिहून मी कागद नरसिंहाला वाचायला दिले. पुढे जे झाले ते इथेच लिहावे असे मला वाटले. जयतीर्थांनी हरकत घेतली, ती मी ऐकली नाही.

त्याने सगळे वाचले, कागद घडी करून परत दिले आणि जेवायला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेडपाशी उभा होता, कोट घालून.

"वैनी, गाडी काढा."

गुडघे कुठे ठेवावे हे त्याला कळत नव्हते. बेळ्ळंदूरच्या बांधावर मी गाडी थांबवली तेव्हा म्हणाला, "मी चालवू का?"

"चालव. पहिला उजवीकडे, पुढे."

गाडी बंद पडली. पुन्हा बंद पडली. तिसऱ्यांदा त्याने चाकावर हात आपटला. "कुठल्या गाढवानं केलंय हे!"

त्याने कागद वाचले होते. जरा वेळाने त्याच्याच लक्षात आले, आणि त्याचे कान लाल झाले.

"म्हणजे तुम्ही लिहिलंय ते खरंच? मी उलटी गुंडाळली?"

"तू नाही तर कोण? घरात दुसरं कोण होतं?"

"पाच वर्षं सांगितलं नाहीत!"

"पाच वर्षं तू विचारलंस कुठे?"

तो हसला. हसणे यजमानांसारखेच, आधी खांदे हलतात आणि मग आवाज येतो. "म्हणजे या टॅक्सीत माझाही हात आहे म्हणा की."

"आहे की."

"सरी, बरं तर. स्वल्प सरका, मला पाय लांब करू द्या."

या खेपेस गाडी निघाली. बांधाच्या टोकापर्यंत त्याने ती दुसऱ्या गिअरमध्ये नेली, आणि बगळे उठून पलीकडे जाऊन बसले. तिथे थांबून तो इंजिन बंद न करता ऐकत राहिला.

"अण्णाची गाडी असा आवाज करत नव्हती."

"नाही."

"मग ही दुसरीच गाडी झाली."

"हो."

"मग अण्णाची कुठंय?"

मी म्हटले, "मद्दूरला थांबलीय. वडा खातायत."

त्याने तोंड पलीकडे फिरवले. पाण्यावर ऊन येईपर्यंत आम्ही तसेच बसलो होतो. इंजिन चालू होते.

घरी आल्यावर तो म्हणाला, "सही करतो. जुनं इंजिन जिथं आहे तिथंच राहील, माझा शब्द. पण तुमच्या कागदात एक वाक्य खोटं आहे, त्याच्याखाली मी सही करणार नाही."

"कुठलं?"

त्याने कलम सहाच्या शेवटी बोट ठेवले. "'माझ्या दिवंगत पतीचे स्नेही.' अण्णा जाऊन नऊ वर्षं झाली, वैनी. हा माणूस दर रविवारी येतो तो अण्णासाठी नाही. अण्णाला मध्ये घालू नका. गाडी तुमची आहे, माणूसही तुमचा आहे, तसं लिहा."

"आणि लोक?"

"लोकांना कुठं मराठी वाचता येतं?"

मला हसू आले आणि मग हसू थांबेना. आतून त्याची बायको काय झाले म्हणून बघायला आली. पेन त्यानेच उघडून माझ्या हातात दिले.

खाडाखोडीबद्दल. कलम ६ मधले "माझ्या दिवंगत पतीचे स्नेही" हे शब्द आडवी रेघ मारून काढले असून त्या जागी "माझे" एवढा एकच शब्द लिहिला आहे. त्याच्याशेजारी माझी आणि नरसिंहाची लहान सही आहे. इतरत्र खाडाखोड नाही.

हे मृत्युपत्र मी गेल्यावरच उघडावे. मात्र कलम ६ मधला तो एक शब्द येत्या रविवारी मी हंबीररावांना स्वतः वाचून दाखवणार आहे. घरात बोलावून.

वरील सगळे मी लिहिले, पुन्हा वाचले, आणि ते मला मान्य आहे.

ठिकाण : चामराजपेट, बंगळूर
तारीख : २४ नोव्हेंबर १९६७

(सही) अहल्या

अहल्याबाईंनी आम्हां दोघांच्या देखत सही केली, आणि आम्ही त्यांच्या देखत केली.

साक्षीदार :
१. (सही) नरसिंह, कै. हयवदनराव यांचे धाकटे बंधू. सगळे वाचून, समजून सही केली.
२. (सही) जयतीर्थ, वकील. कलम १० ला माझी हरकत होती. ती मागे घेतली.